सिंहाचा प्रसाद

संत्रं सोललं की मला सिंगापूर आठवतं. लेकीकडे सेंगकांगला गेले होते. चिनी नववर्षाच्या मिरवणुकीत ढोल असे कडाडत होते की बसल्या जागी माझे पाय ठेका धरू लागले. एवढ्यात झगमगता कापडी सिंह उड्या मारत थेट माझ्यासमोर आला! मी सवयीने चपला काढल्या, हात जोडले आणि पदर पसरला. “आजी, कॅनॉट लाह! असं नाही करायचं!” शेजारी बसलेली नात लाजून तिथल्या इंग्रजीत ओरडली. सिंहाने मान लववली आणि जबड्यातून एक संत्रं माझ्या पदरात टाकलं. प्रसाद एकटीने कसा खायचा? अख्ख्या रांगेला एकेक फोड वाटत सुटले. शेवटची फोड नातीने हात पुढे करून मागितली. मला एकही उरली नाही. पण तेवढं गोड संत्रं मी पुन्हा कधी खाल्लेलं नाही.