प्रकाशाच्या खळ्यावरची मॅच

मैदानाच्या बरोबर मध्यभागी खांब होता.

मी डोळे चोळून पुन्हा पाहिलं. खांब होताच. पुरुषभर उंच, सागाचा, शेंदूर लावलेला, बुडाशी नुकताच नारळ फोडलेला. दोन्ही टोकांना गोलपोस्ट मात्र अगदी हवे तिथे उभे होते आणि त्यांना आंब्याच्या पानांची तोरणं बांधली होती. माझ्या मागे युनिव्हर्सिटीची अख्खी फुटबॉल टीम बैलगाड्यांमधून उतरत होती. आमचे स्पोर्ट्स सेक्रेटरी प्रोफेसर आठल्ये सगळ्यांत शेवटी उतरले. त्यांनी खांबाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

"व्हॉट इज दॅट?"

"बघतो, सर," मी म्हणालो. फिजिकल इन्स्ट्रक्टरची निम्मी नोकरी हे दोन शब्द म्हणण्यात जाते.

ही गोष्ट दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची. युनिव्हर्सिटीची टीम म्हणजे काय ते आधी सांगतो. प्रत्येक कॉलेजची आपापली टीम असते. त्यांतले चांगले खेळाडू निवडून जी एक टीम करतात ती युनिव्हर्सिटीची. आमची नवी कोरी होती. तिला पहिल्याच वर्षी इंग्लिश पद्धतीचे कडक बूट मिळाले होते आणि बुटांशिवाय खेळायचं नाही असा नियमही. सेक्रेटरींचं म्हणणं, चांगल्या टीमा बूट घालतात. आमची पोरं बूट घालत होती आणि हरत होती. दौऱ्यातल्या सगळ्या मॅचेस हरलो होतो. एका गावी चक्क बरोबरीत होतो, पण तिथे आमच्याच बॅकने आमच्याच गोलमध्ये बॉल मारला.

युनिव्हर्सिटीच्या कमिटीने निघताना बजावलं होतं: दौऱ्यात एक तरी मॅच जिंका, नाहीतर फुटबॉल बंद, मैदान टेनिसला. प्रकाशा या गावची मॅच शेवटची होती. ही गेली की टीम गेली. आमचा कॅप्टन सावंत, मालवणकडचा सेंटर हाफ, नंदुरबार स्टेशनपासून गाडीत गप्प बसून होता. सावंत गप्प म्हणजे मामला गंभीर.

आम्हाला बोलावलं होतं तापीकाठच्या नरोत्तमभाईंनी. मोठे बागायतदार, पिढ्यांपूर्वी गुजरातेतून आलेलं घराणं, बोली मात्र आता पक्की अहिराणी, कापूस आणि केळीचे मळे. त्यांनी सुरतेला एकदा फुटबॉलची मॅच पाहिली आणि ते वेडे झाले. आमच्याविरुद्ध नंदुरबारच्या सरकारी बाबूंची टीम त्यांनी ठरवली होती. मी त्यांना कळवलं होतं की मैदान एकदम सपाट हवं, कडक हवं, एक खडा दिसता कामा नये.

नरोत्तमभाई हात पसरून आले. आनंदाने त्यांचा फेटा सुटायला आला होता.

"मास्तर, दखा! आख्खं गाव लागनं व्हतं. खडा सापडना ते मन्हं नाव बदला!"

खडा सापडला तर नाव बदला म्हणे! कुठला सापडतो! शंभर यार्ड लांब जमीन पाण्याने भिजवून, बैलांनी तुडवून, चोपून, शेणाने सारवली होती. स्वयंपाकघरासारखी चकचकीत. आजूबाजूला ज्वारीच्या पेंढ्यांच्या सुड्या रचलेल्या आणि त्यांवर गावची बायामाणसं आधीच चढून बसलेली. माझ्या डोक्यात उजेड पडला. या माणसाला सपाट, कडक आणि बिनखड्याची अशी एकच जागा ठाऊक होती. त्याने खळं केलं होतं. मॅच झाली की सगळं गाव त्यावरच ज्वारी मळणार होतं.

"आणि हा खांब?"

"मेढ शे ती. खयानी मेढ."

मेढ म्हणजे मळणीचे बैल जिच्याभोवती फिरतात तो खळ्याचा मधला खांब. "दोन तासांपुरती काढता येईल?" मी विचारलं.

नरोत्तमभाईंचा चेहरा असा झाला, जणू मी त्यांना घराचा उंबरा उपटायला सांगितला. "आज सकायमाच पूजा करी. आते ती उपटतस का?"

एवढ्यात प्रोफेसर आठल्ये बुटांसकट खळ्यात पाय टाकायला गेले. नरोत्तमभाई धावत जाऊन आडवे आले. हात जोडलेले, पण जागचे हलेनात.

"जोडा नही, साहेब. आठे दाना पडस. लक्ष्मी शे. खयामा जोडा घालीसन मन्हा बाप बी कधी गया नही."

"पण आमच्या टीमला बूट कंपल्सरी आहेत!"

"मंग ते वावर शे," म्हणत नरोत्तमभाईंनी शेजारचं नांगरलेलं शेत दाखवलं. प्रोफेसर खरोखर तिकडे गेले. काळ्या मातीच्या ढेकळांतून दहा पावलं चालले, एकदा गुडघ्यावर आले, आणि परत येऊन गाडीच्या जुवावर बसून निमूटपणे बुटांच्या नाड्या सोडू लागले. आमची पोरं एकमेकांकडे बघत होती. मग एकाने बूट हवेत उडवला, आणि बघता बघता अकरा जोड्या गाडीत जाऊन पडल्या. सावंतने सारवलेल्या जमिनीवर तळवा घासून पाहिला आणि त्या दिवसात पहिल्यांदा हसला.

बाबूंच्या टीमचे कॅप्टन होते एक रेंजरसाहेब. जंगलखात्यातला माणूस, आडवा बांधा, आवाज पलीकडच्या काठाला ऐकू जाईल असा. त्यांचे बूट काढताना दोन शिपाई लागले. आत पाय निघाले ते लोण्यासारखे. माझं मन उगीचच उडी मारून गेलं.

रेफरी कोण? शिट्टी प्रोफेसरांकडे होती. रेंजरसाहेबच म्हणाले, "तुम्हीच व्हा. प्रोफेसर माणूस पक्षपात करणार नाही." हे आमच्या दृष्टीने फार वाईट झालं. आठल्ये सरांना नि:पक्षपातीपणाचा रोगच होता.

शिट्टी वाजली. आणि काय सांगू, ज्या पोरांना मी वर्षभर बुटांत अडखळताना पाहिलं होतं ती हीच पोरं यावर माझा विश्वास बसेना! गल्लीत, वाळूत, शाळेच्या अंगणात अनवाणीच शिकलेली ती. बॉल पायाला चिकटल्यासारखा चालत होता. सारवलेल्या जमिनीवर पासही असा सुळकन जायचा की घेणारा दचकायचा. पलीकडे रेंजरसाहेबांनी पहिलीच किक अंगठ्याने मारली आणि ते एका पायावर नाचत मेढीला जाऊन टेकले. सुड्यांवरची मंडळी हसून लोळायची बाकी राहिली.

तरी पहिला गोल त्यांनी केला. कॉर्नर आला, रेंजरसाहेबांना पाय वापरायची भीती, म्हणून त्यांनी डोकं वापरलं. एक-शून्य. मग सावंतने लांबून एक असा हाणला की गोलपोस्टाचं तोरण तुटून त्यांच्या गोलकीपरच्या गळ्यात पडलं. बरोबरी! त्यानंतर आम्ही आणखी दोनदा बॉल आत घातला आणि दोन्ही वेळा प्रोफेसरांनी शिट्टी मारली. ऑफसाइड. म्हणजे पास दिला तेव्हाच आमचा खेळाडू त्यांच्या बचावाच्या पुढे फुकट उभा होता. दोन्ही निर्णय बरोबर होते. मी रागाने एक अख्खी पेंढी कुस्करली.

शेवटची मिनिटं आली. सावंतने मेढीजवळ बॉल अडवला आणि डावीकडे गोखल्याला दिला. गोखले आमचा लेफ्ट विंग, किडकिडीत, चष्म्याची काडी दोऱ्याने कानाला बांधून खेळायचा. वर्षभर तो बॉलला घाबरत होता. आज त्याला काय झालं कुणास ठाऊक, तो वळून मधूनच घुसला. सुड्यांवरून आरडाओरडा उठला: "पय, चष्मावाला, पय!" समोरून रेंजरसाहेब आले. गोखल्याने घाबरून बॉल ढकलला, तो मेढीवर आपटला, रेंजरसाहेब एका बाजूने निघून गेले, बॉल दुसऱ्या बाजूने परत गोखल्याच्याच पायात आला. पुढे कुणीच नव्हतं. तो धावतच सुटला आणि बॉल घेऊन स्वतःसकट गोलमध्ये गेला.

गाव नाचायला लागलं. रेंजरसाहेब मात्र हात वर करून ओरडत आले.

"गोल नाही! बॉलला बाहेरची वस्तू लागली. ड्रॉप द्या!"

कायदा असा होता. बॉल कुत्र्याला लागला, छत्रीला लागला, मैदानात उपऱ्या असलेल्या कशालाही लागला, तर खेळ थांबवायचा आणि रेफरीने बॉल खाली टाकून पुन्हा सुरू करायचा. मात्र गोलपोस्टला लागला तर खेळ चालूच, कारण पोस्ट मैदानाचाच भाग. फुटबॉलच्या मैदानात मेढ नसते. सावंत डोक्याला हात लावून खाली बसला. आठल्ये सर उभे राहून विचार करत होते, आणि त्यांच्या विचारांनी आज आमचे दोन गोल आधीच खाल्ले होते.

ते खळ्याच्या कडेला गेले. नरोत्तमभाईंना त्यांनी विचारलं, "हा खांब कुणाचा?"

"खयाना."

"म्हणजे बाहेरून आणून ठेवलेला नाही?"

नरोत्तमभाईंना प्रश्नच कळेना. "मेढबिगर खयं ऱ्हास का, साहेब? पयले मेढ, मंग खयं."

प्रोफेसर मागे वळले. "रेंजरसाहेब, इट इज पार्ट ऑफ द ग्राउंड," ते म्हणाले. "गोल!"

रेंजरसाहेबांनी मेढीकडे पाहिलं, शेंदराकडे पाहिलं, सुड्यांवरच्या गर्दीकडे पाहिलं. मग मोठ्याने हसले आणि त्यांनीच गोखल्याला खांद्यावर उचललं. मी रडलो. सरळ सांगतो, लहान पोरासारखा रडलो, आणि नरोत्तमभाईंच्या फेट्याला डोळे पुसले.

संध्याकाळी तापी ओलांडताना सगळे एकाच होडीत बसलो. प्रोफेसर अजून अनवाणीच होते. पायांना शेण वाळलेलं. ते सावंतला म्हणाले, "पुढच्या वर्षीची निवड जूनमध्येच करायची. उशीर नको."

पुढच्या वर्षीची! पोरं एकदम उठून ओरडली, होडी अशी कलली की नावाड्याने आम्हा सर्वांच्या सात पिढ्या काढल्या. एवढ्या प्रेमाने शिव्या ऐकून घेतलेली टीम मी पुन्हा पाहिली नाही.

ती टीम अजून आहे. पुढे तिने कप जिंकले, फोटो निघाले. कुणी इतिहास विचारायला आलं की पहिला विजय कुठे झाला असं हमखास विचारतं. प्रकाशाच्या खळ्यावर, मी सांगतो. ते हसतात. हसोत बापडे. इतक्या वर्षांच्या नोकरीत मला एवढंच कळलं की पहिला विजय कुठे मिळेल ते आपण ठरवू शकत नाही, म्हणून कुणी प्रेमाने बोलावलं तर फार चौकशी न करता जावं.