खाऱ्या पाण्यातला नवा जीव

मी नेमकं काय काम करते हे दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये कुणालाच धड कळलेलं नव्हतं. आई सांगायची, "ती गॅसवर रिसर्च करते," आणि शेजारच्या काकू मला सिलिंडरचा नंबर कधी लागेल ते विचारायच्या. मी पीएच.डी. करत होते मिथेन तयार करणाऱ्या आर्कियांवर. हे दिसायला बॅक्टेरियासारखे, पण कूळ साफ वेगळं. दलदलीत, म्हशीच्या पोटात, गोबरगॅसच्या टाकीत सुखाने राहतात आणि हवा लागली की मान टाकतात. अशा नाजूक मंडळींची वर्गवारी करायची, म्हणजे आकार कसा, खातात काय, मीठ किती सोसतात ते बघायचं, आणि मग त्यांचे जीन्स काय म्हणतात ते.

हरियाणातल्या एका खारट तळ्याच्या गाळातून मी एक जीव वेगळा काढला आणि तितक्याच खाऱ्या पाण्यात वाढवला. खाणंपिणं सगळं एका ओळखीच्या जातीसारखं. पण ती जात गठ्ठ्याने राहणारी, आणि हे मायक्रोस्कोपखाली सुटे सुटे गोल दाणे, सांडलेल्या मोहरीसारखे. माझे गाइड सर बराच वेळ डोळा लावून बसले आणि म्हणाले, "बिल्कुल नया है!" जीन्स बघणं ही त्यांच्या मते नंतरची फॉर्मॅलिटी.

मी घरी बोलून गेले आणि तिथेच घात झाला. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीतून त्या वर्षी रिटायर होणार, क्वार्टर सोडून आम्ही साताऱ्याला जाणार, म्हणजे दिल्लीतला हा शेवटचा गणपती. आयुष्यभर फायलींवर सह्या केलेल्या माणसाला एकदा तरी इथल्या मराठी गणपती मंडळात मिरवायचं होतं. पोरीने नवा जीव शोधलाय, असं त्यांनी जाहीर करून टाकलं. झालं! शाल-श्रीफळ देऊन सत्कार ठरला. नुसतं आडनाव ऐकून माणसाचा जिल्हा सांगणारी आमची मंडळी, त्यांनी माझ्या आर्कियाचं बारसंच काढलं. एका काकांचा आग्रह होता की नाव मंडळाचं द्यावं, कारण सत्काराचा खर्च मंडळाच्या वर्गणीतून. माझ्या तळ्याला यांनी दमडी दिली नव्हती!

मला मात्र चैन पडेना. मी त्याचे जीन्स वाचून घेतले. अगदी जुनी, ओळखीची जात! तरी खात्री म्हणून पाण्यातलं मीठ हळूहळू कमी करत गेले, आणि सत्काराच्या दिवशी सकाळी बघते तर माझे सुटे दाणे मुकाट्याने गठ्ठे करून बसलेले. खाऱ्या पाण्यात वेगळे दिसत होते, एवढंच. असा संताप आला म्हणून सांगू!

घरी येऊन बाबांना सांगितलं. ते इस्त्रीचा सदरा घालत होते.

"हा फायनल रिपोर्ट आहे की इंटरिम?"

"फायनल."

"मग आजच्या दिवस इंटरिम म्हण ना." बटण लावता लावता त्यांचा हात थांबला. "मी सगळ्यांना सांगितलंय गं."

त्यांच्यासाठी तेवढं करावं असं वाटलं. पण स्टेजवर अध्यक्षांनी "विश्वाला नवा जीव देणारी आपली कन्या" म्हटलं आणि मला राहवेना. माइक घेऊन सांगून टाकलं, की जीव नवा नाही, आम्ही फसलो होतो. अध्यक्ष खजिनदारांकडे बघायला लागले. खजिनदार हळूच म्हणाले, "शाल आणलीये ना, देऊन टाका." म्हणून सत्कार झाला. टाळ्याही झाल्या, कशाला ते गणपतीलाच ठाऊक. बाबा पहिल्या रांगेत मान खाली घालून बसले होते.

परतताना ते माझ्या चार पावलं पुढे चालत होते. जिन्यात नाव सुचवणारे काका भेटले. "अरेरे, चुकलं म्हणायचं पोरीचं," ते म्हणाले. त्यांना भलताच आनंद झालेला दिसत होता.

बाबा थांबले. "चुकलं होतं, अच्छा? पण चूक कुणी पकडली? तिनेच. आणि माइकवर सांगितली. अख्ख्या नोकरीत आमच्या ऑफिसात असं कुणी केलेलं मी पाहिलं नाही." मग कठड्याला धरून एक पायरी चढले आणि म्हणाले, "मीही केलं नाही."