गुडघ्याची चौकशी

साउथहॅम्प्टनच्या त्या बाईंचं नाव आठवत नाही, पण त्यांचा फोन आठवतो. हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या या मराठी नर्सबाई सांधेदुखीवर चोळायचं हेम्पचं, म्हणजे भांगेच्या जातीच्या झाडाचं, तेल विकायच्या. एक बडी कंपनी त्यांचं दुकान घेणार होती आणि मी अकाउंटंट म्हणून त्याची किंमत काढायला गेलो होतो. जुनी गिऱ्हाइकं किती टिकतील, यावरच सगळा हिशेब. बाई मात्र मधूनच कुणा गिऱ्हाइकाला फोन लावून गुडघ्याची चौकशी करायच्या.

"काकू, वर्षाला किती गिऱ्हाइकं तुटतात?"

"तुटत नाहीत रे, मरतात. मग फ्युनरलला मी जाते. तुझी कंपनी जाईल का?"

निघताना माझ्या दुखऱ्या गुडघ्यासाठी एक बाटली घेतली, बाईंना माझा नंबर दिला.

आता दुकान कंपनीचं आहे, आणि त्या नंबरावर तिच्या ऑफर येतात. गुडघा अजून दुखतो.