भिंतीमागचा आड

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. दोंडाईच्याला आम्ही भाड्याच्या घरात राहायचो. मागच्या खोलीच्या भिंतीवर भर उन्हाळ्यातही काळी बुरशी चढायची आणि तिथे निजणारी आमची दीड वर्षांची मुलगी सारखी खोकायची. भिंत खरवडून चुना द्यायचं ठरलं. पण माणसं कामाला लावण्याआधी कुणा जाणत्याला दाखवावं, म्हणून बाजारातून एका म्हाताऱ्या गवंड्याला घेऊन आलो.

त्याने बुरशी बोटावर घेऊन हुंगली. मग भिंतीला कान लावून, डोळे मिटून बराच वेळ उभा राहिला.

"भाऊ, चुना नका लावू. मांगे आड शे, तठलं पानी येस. तो आड मीच बुजेल शे."

"पाण्याचा आड कशाला बुजवला?"

तो खेळणाऱ्या मुलीकडे पाहू लागला.

"आडमा पडनी ती बी इतलीच व्हती," एवढंच म्हणाला आणि पागोटं सावरत निघून गेला.

आठवड्यात आम्ही घर सोडलं. मुलीचा खोकलाही थांबला. ती पोर कोणाची, हे विचारायला मी त्याच्याकडे गेलो नाही. विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं, असं मला आजही वाटतं.