बिनदुधाची कॉफी

लहानपणी आमच्या घरात कॉफी फक्त पाहुण्यांसाठी असायची. तिची बरणी वरच्या फळीवर, माझा हात पोचणार नाही अशा जागी ठेवलेली. मी मागितली की आईचं ठरलेलं उत्तर यायचं, "काळी हुशील. मग कोण करून घेणार तुला?" मी आधीच सावळी. माझी आत्या तर लाडात आली की मला ‘तवा’ म्हणायची आणि वर स्वतःच हसायची. परसात दोन म्हशी होत्या. धार काढली की फेसाळ दुधाचा पहिला पेला माझ्या हातात. दुधानं रंग उजळतो आणि कॉफीनं काळवंडतो, यावर आईची एवढी श्रद्धा होती की तिच्याशी वाद घालायची कुणाची टाप नव्हती.

कॉलेजात असताना एके दिवशी माझ्या उजव्या हाताच्या बोटांच्या टोकांना पांढरे ठिपके दिसले. मला वाटलं, कुठंतरी भिंतीचा चुना लागला असेल. साबणानं धुतलं, मग घासणीनं घासलं. बोटं लाल झाली, ठिपके होते तसेच राहिले. पुढं ते ओठांच्या कडेला आले, मग डोळ्याच्या पापणीवर. आईनं माझा चेहरा उजेडाकडं वळवून बघितला आणि चुलीपाशी जाऊन बसली. कोड हा शब्द आमच्या घरात तेव्हाही कुणी उच्चारला नाही आणि अजूनही उच्चारत नाही. आई ‘डाग’ म्हणते, साडीवर पडल्यासारखा. मला त्या शब्दाचाही राग येतो, पण दुसरा सांगायचा तर कुठला सांगणार?

आईचा पहिला उपाय म्हणजे पांढरं बंद. दूध बंद, दही बंद, ताक बंद, भाताऐवजी भाकरी. ज्या दुधासाठी माझ्या मागं लागायची, तेच माझ्यासमोरून उचलून न्यायला लागली. सगळ्यात जिव्हारी लागला तो पांढरा रस्सा. आमच्याकडं रविवारी मटण म्हणजे तांबडा आणि पांढरा दोन्ही रस्से आलेच. माझ्या ताटाशी आता तांबड्याचीच वाटी असायची. पांढऱ्याचं पातेलं माझ्यापासून लांब, वडिलांच्या पलीकडं सरकवलेलं. मी वास घेत बसायची. डोळ्यांत पाणी आलं की तांबडा तिखट झालाय म्हणून सांगायची.

अशातच आत्या राहायला आली. मला बघून ती आधी गप्प झाली. गप्प बसणं तिच्या स्वभावात नाही, म्हणून मग मोठ्यानं म्हणाली, "वैनी, कॉफीनं माणूस काळं पडतंय म्हणतीस न्हवं? मग पाज की हिला!" आणि नेहमीसारखी स्वतःच हसली. मीही हसले. बऱ्याच दिवसांनी घरात कुणीतरी हसत होतं. आई मात्र हसली नाही. तिनं स्टूल ओढलं, वर चढली आणि फळीवरची बरणी खाली काढली.

दुसऱ्या दिवसापासून मला सकाळ-संध्याकाळ काळी, बिनदुधाची, कडू कॉफी सुरू झाली. पहिल्या घोटाला मी तोंड वाकडं केलं.

"औषध हाय ते. गप पी."

"आई, आत्या चेष्टा करत होती."

"आसंल. चेष्टेत बी खरं निघतंय कवा कवा."

तिच्या हिशेबात चूक अशी काहीच नव्हती. जी वस्तू रंग काळा करते म्हणून लेकीला इतकी वर्षं दिली नाही, तीच आता रंग आणायला द्यायची. कप संपला की ती माझी हनुवटी धरून चेहरा खिडकीकडं वळवायची आणि डाग न्याहाळायची. रोज. दाण्यापाण्यानंतर कोंबडीनं अंडं घातलं का बघावं, तसं.

डॉक्टरांकडंही आम्ही जात होतोच. त्वचेचे डॉक्टर समजूतदार होते. हे कुणाच्या शिवण्यानं होत नाही, कुणाच्या पापानंही होत नाही, शरीरच आपल्या रंगावर उलटतं, असं त्यांनी नीट सांगितलं. आईनं विचारलं, "आणि कॉफी?"

"कॉफीचा याच्याशी काही संबंध नाही. प्यावीशी वाटली तर प्या, नाहीतर सोडा."

बाहेर आल्यावर आई म्हणाली, "बघ, डॉक्टर बी म्हंटलं की प्या म्हणून."

मलमं झाली, गोळ्या झाल्या, अंगावर औषधी दिव्याचा उजेड घ्यायला दवाखान्याच्या फेऱ्या झाल्या. एका पावसाळ्यात कोपराजवळच्या पांढऱ्यात तिळाएवढे तपकिरी ठिपके उगवले. डॉक्टर म्हणाले, रंग परत येतोय. आईनं त्याचं सगळं श्रेय कॉफीला दिलं आणि कपात पूड वाढवली. मला छातीत धडधडायचं, पोटात जळजळायचं, झोप उडायची. पण ते तीळ मी रोज बघत होते आणि काही बोलत नव्हते. थंडीपर्यंत ते पुन्हा पांढऱ्यात बुडाले. आईनं पूड आणखी वाढवली.

याच काळात तिनं लेपही काढला. कॉफीची पूड खोबरेल तेलात कालवायची, डागांवर चोळायची आणि मला अंगणात उन्हात बसवायचं. म्हशी रवंथ करत माझ्याकडं बघायच्या. एकदा लेप पुसला तर माझे दोन्ही हात एका रंगाचे दिसले. कॉफीचाच तो रंग, हे मला कळत होतं. आईलाही कळत असणार. तरी ती ओरडली, "धरलाय बघ रंग!" आणि शेजारणीला हाक मारायला धावली. त्या दिवशी मी हात धुतले नाहीत. दुपारी चमच्यानं जेवले. संध्याकाळी दाराशी उभी राहून, येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसतील असे हात कठड्यावर ठेवले. दुसऱ्या दिवशी आंघोळीचं पाणी अंगावर घेतलं आणि सगळा रंग मोरीतून वाहून गेला. मी मोरीतच बसून राहिले. आईनं बाहेरून विचारलं, "ऱ्हायला का गं थोडा?" मी म्हणाले, "राहिलाय थोडा." ती तेवढ्यावर आठवडाभर खूश होती.

मी साड्यांच्या दुकानात नोकरीला लागले. गादीवर बसून साड्या उलगडून दाखवायच्या, हे काम सगळं हातांचं. बायका साडीचा काठ बघता बघता माझ्या बोटांकडं बघायच्या. एक आजीबाई म्हणाल्या, "साडी चांगली हाय, पण दुसरी आण बाई, न उलगडलेली." मालक वाईट नव्हते, पण धंदा धंदा असतो. मला त्यांनी मागच्या खोलीत फॉल-पिकोला बसवलं. तिथल्या पोरी दुपारी फोनवर व्हिडिओ बघतात. कॉफीची पूड दह्यात कालवून तोंडाला फासली की चेहरा उजळतो म्हणे. रविवारी त्या ते करतात आणि सोमवारी एकमेकींचे गाल तपासतात. दुसरा व्हिडिओ लागतो, कॉफी पिऊन कातडी सुकते, सुरकुत्या पडतात. मग त्या चहावर येतात. मी शिलाईत मान घालून ऐकते. एकाच पुडीनं त्यांना गोरं व्हायचंय आणि मला काळं. मला एकदा त्यांच्यावर ओरडावंसं वाटलं होतं, पण काय ओरडणार? त्यांच्यातली एकही माझी चेष्टा करत नाही. त्या माझ्याशी फार जपून बोलतात, आणि तेच मला सोसत नाही.

वडील गेले, म्हशी विकल्या, आत्या थकली. कॉफी मात्र चालू राहिली. डाग आता डाग राहिले नव्हते. पांढरं सगळीकडं पसरलं होतं आणि माझा मूळचा रंग गालावर, मानेवर, पाठीवर तुकड्या-तुकड्यानं उरला होता. कॉफीवर माझा विश्वास तसा कधीच नव्हता. पण सकाळी तो कप येत होता तोवर या घरात एकीला तरी वाटत होतं, की मी बरी होणार. मला स्वतःला तसं वाटायचं केव्हाच थांबलं होतं. म्हणून मी पीत राहिले. जळजळीवर गोळी घ्यायची आणि प्यायची.

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी मला नीट तपासलं. आई शेजारच्या खुर्चीवर पदर धरून बसली होती. ते हळू आवाजात म्हणाले, "आता रंग परत आणायच्या मागं लागण्यात अर्थ उरलेला नाही. हवं तर जो थोडा राहिलाय तोच मलमानं घालवता येईल. मग सगळं एकसारखं दिसेल. विचार करा."

आईनं कॉफीचं काही विचारलं नाही. रिक्षात ती रंकाळा तलावाच्या बाजूला तोंड करून बसली. मी म्हणाले, "आई, अजून काही ठरवलेलं नाही." तिनं मान हलवली, पण माझ्याकडं वळून बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी तिनं माझ्यापुढं चहा ठेवला, सगळे पितात तसला, दुधाचा.

"कॉफी?"

"पूड संपलीया."

बरणी ओट्यावरच होती, अर्ध्याहून जास्त भरलेली. दोघींनाही ती दिसत होती. मी चहा प्यायले. पिऊन झाल्यावर सवयीनं हनुवटी वर करून बसले. आई रिकामा कप उचलून मोरीकडं गेली.

दुपारी मटण होतं. तिनं भाकरी वाढली, तांबडा वाढला. मग पांढऱ्याचं पातेलं जवळ ओढलं आणि पळी भरून माझ्या वाटीत ओतली. मी तिच्या तोंडाकडं बघत राहिले.

"आई, पांढरा?"

"खा की," ती म्हणाली. "आता काय हुतंय."

डॉक्टरांचं बोलणं मी ऐकून घेतलं होतं, दुकानातल्या आजीबाईंचंही घेतलं होतं. हे मात्र ऐकवत नव्हतं. त्यापेक्षा कडू कॉफीचा आख्खा हंडा समोर ठेवला असता तरी मी संपवला असता.

मी वाटी तोंडाला लावली. इतक्या वर्षांत चव विसरले असेन असं वाटत होतं, पण विसरले नव्हते. मी आणखी मागितला. तिनं खाली बघतच वाढला.