तारमास्तर आणि हिवरखेडचा चहा

तारेच्या कागदावरचा आकडा बघणं तारमास्तरांना कमीपणाचं वाटे. आमच्या छोट्या दैनिकाला लांबलचक बातमीची तार कधी एका दमात मिळायची नाही. तारघरातला सायकलवाला एक तुकडा टाकून जाई, दुसरा तासाभराने आणी, आणि मधेच भलत्या बातमीचा तिसरा येऊन पडे. प्रत्येकाच्या कोपऱ्यात क्रमांक असे. तारमास्तर आधी कात्रीने तो कोपराच उडवत, मग तुकडे टेबलावर पसरून खळ लावून जोडत सुटत. मी एकदा हटकलं, तर म्हणाले, "वाक्य सोताच सांगते, मी कोनाच्या मागं हावो म्हनून. आकडा कायले पायजे?"

हे अकोल्याच्या जुन्या शहरातलं, पन्नासचं दशक सरतानाचं. मोर्णेच्या काठी आमचा छापखाना होता, आणि मी अमरावतीहून तिथे मुद्रितं तपासायला आलो होतो. तारमास्तरांनी तारघरात एक दिवसही नोकरी केलेली नव्हती. पण विरामचिन्हांशिवाय आलेलं तुटकं इंग्रजी वाचून त्याची सरळ मराठी बातमी करणारा माणूस गावात दुसरा नव्हता, म्हणून ते तारमास्तर. मला ते नावाने कधी हाक मारत नसत. "या अमरावतीकर, तुमच्या गावाची तार आली, पन शेपूट तिथंच राह्यलं," असं म्हणून माझ्याकडे बघत, जणू ते शेपूट मीच दाबून ठेवलंय.

चहाचं त्यांना व्यसन होतं. तुकड्याची वाट बघत बसलं की चहा, तुकडा आला की चहा. बशीत ओतून, डोळे मिटून प्यायचे. खळीची वाटी आणि चहाची बशी शेजारी-शेजारी असत, आणि ब्रश एकदा तरी बशीत बुडाल्याचं मी पाहिलं आहे. तो चहाही त्यांनी टाकला नाही.

चूकदुरुस्तीच्या बाबतीत मात्र हा माणूस छळवादी होता. सरकीच्या भावात एखादा आणा इकडेतिकडे झाला तरी दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापलीच पाहिजे. संपादक वैतागत. "मास्तर, कोणाच्या लक्षातही आलं नाही." त्यावर मास्तरांचं ठरलेलं उत्तर, "आपल्या तं आलं ना?" मुद्रितं माझ्या हातची असल्याने प्रत्येक दुरुस्ती मला चिमटा काढून जाई, आणि खरं सांगायचं तर मी त्यांचा मनातून राग करी.

छप्पन साली त्यांनी घरादारासह बौद्ध धम्म स्वीकारला होता. देव्हारा घरातून गेला, तसे शकुन-अपशकुनही गेले. आमच्याकडे एक जुनी चाल होती. एखाद्याच्या डोक्याला कावळा शिवला की तो मेल्याची खोटी बातमी नातलगांना कळवायची. ते रडले की खरं मरण टळतं. एक गृहस्थ तर अशी बातमी जाहिरात म्हणून छापून घ्यायला आले होते, भावाला कावळा शिवला म्हणून. तारमास्तरांनी त्यांना पायरीवरूनच परत पाठवलं. "पेपरात मेला म्हनून छापलेला मानूस मेलेलाच पायजे," ते म्हणाले. त्यावर त्यांनी एक खरमरीत स्फुटही लिहिलं होतं. त्या लेखाचा त्यांना अभिमान होता.

आणि मग ती संध्याकाळ आली. अमरावतीहून तार होती, नागपूरकडून येणारी मोटार उलटली, एक उतारू जागीच ठार, त्याचं नाव... इथे तुकडा संपला. नागपूरहून दुसरी तार होती, शेतकी प्रदर्शनात कपाशीचं पहिलं बक्षीस मिळालेल्या शेतकऱ्याचं नाव... इथेही तुकडा संपला. मग एकच तुकडा आला. पुंडलिकराव, राहणार हिवरखेड, वय चाळीस. कोपरा उडाला, खळ लागली. वाक्याने स्वतः सांगितलं, आणि ते खोटं सांगितलं. मास्तरांनी बक्षीसवाला माणूस मारला. मुद्रित मी वाचलं. जोड इतकी साफ होती की मला काहीच खटकलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मेलेल्याचं खरं नाव घेऊन राहिलेला तुकडा आला. तारमास्तरांनी तो वाचला. मग चप्पल घातली. मी बरोबर निघालो. तेल्हाऱ्यापर्यंत मोटारीने गेलो.

हिवरखेडला पोचलो तेव्हा पुंडलिकराव ओट्यावर बसलेले होते, बक्षिसाचा फेटा मांडीवर घेऊन. नुकतेच येऊन पोचले होते ते. पण पेपर त्यांच्या आधी पोचला होता. अंगणात हिरव्या काचेचे तुकडे पडले होते. बायकोच्या बांगड्या फोडून झाल्या होत्या, कुंकू पुसून झालं होतं. ती आत बसली होती, आणि जिवंत नवरा दारात असूनही बाहेर यायला लाजत होती. तारमास्तर खाली वाकले आणि ते तुकडे वेचायला लागले. दारातून एक म्हातारी म्हणाली, "ऱ्हाऊ दे रे बापू, हात कापन." ती पुंडलिकरावांची आई, मनकर्णाबाई.

आम्ही पेपरवाले आहोत हे कळताच लोक उठले. "कोनं छापलं हे? हात तोडा त्याचे." एकाने मास्तरांच्या सदऱ्याला हात घातला. मास्तर म्हणाले, "म्या..." आणि तेवढ्यात म्हातारी पुढे आली.

"म्या छापाले सांगतलं," ती म्हणाली. "माह्या पुंडल्याले इहिरीवर कावया शिवला होता. कोनाकोनाले चिठ्ठ्या धाडू? म्हनून पेपरात देल्ली. सुनेले सांगतलं असतं तं ते खरं रडली असती काय?"

मग सदऱ्यावरचा हात सुटला. कोणीतरी हसलं, कोणी म्हणालं की आता पुंडलिकरावांचं आयुष्य वाढलं. पुंडलिकराव आईकडे बघत राहिले. त्यांना कावळा शिवलेला नव्हता हे त्यांच्याएवढं कोणाला माहीत असणार? सगळ्यांना चहा आला. तारमास्तरांनी म्हातारीकडे पाहिलं. तिने डोळ्यांनीच बशीकडे खूण केली. ते चहा प्यायले. मीही प्यायलो, आणि जीव वाचल्याच्या आनंदात मला तो गोडही लागला. त्याची लाज मला नंतर वाटली. मास्तरांना तिथेच वाटत होती, घोटागणिक.

परतताना तेल्हारा मागे पडल्यावर ते म्हणाले, "अमरावतीकर, म्या तिथं चा पेलो."

संपादक खूश झाले. म्हणाले, मग दुरुस्तीचा प्रश्नच मिटला. मास्तर भांडतील असं मला वाटलं होतं. ते खाली मान घालून म्हणाले, "दुरुस्ती छापली तं म्हातारी गावात खोटी पडन." हे खरंच होतं. पण नोकरी वाचत होती हेही खरं होतं, आणि या दोन्हींतलं आपलं कारण कोणतं, हे त्यांना स्वतःलाच ठरवता येईना. हिवरखेडची हकिकत अकोल्यात पसरली. कावळ्यावर लिहिणाऱ्या मास्तरांनी कावळ्याचीच बातमी छापली म्हणून लोक त्यांना भर बाजारात हसत. ते ऐकून घेत. त्या दिवसापासून त्यांनी तारेचा कोपरा कापला नाही, आणि चहा सोडला. वाट बघत बसत तेव्हा हाताला काही नसल्यामुळे खळीची वाटीच फिरवत राहत.

काही वर्षांनी पुंडलिकराव छापखान्यात आले. डोकं भादरलेलं होतं. आई गेल्याची बातमी द्यायची होती. मास्तरांनी त्यांना खुर्ची दिली, स्वतः उभेच राहिले. पुंडलिकराव म्हणाले, "मायनं जाता जाता तुमची याद काढली. म्हने, त्या बापूचं तोंड त्या दिवशी पाह्यवत नोतं. त्याले म्हना, आता माह्यी काळजी नोको करू."

मास्तरांनी बातमी लिहून घेतली. तिच्याखाली रेघ मारली आणि आणखी चार ओळी लिहिल्या. संपादकांनी कागद पाहिला आणि कपाळाला हात लावला. "मास्तर, इतक्या वर्षांनी? कोणी विचारलं का तुम्हाला?"

"कोनीच इचारलं नाई," मास्तर म्हणाले. "तेच तं."

मुद्रित माझ्याकडे आलं. एखादी चूक सापडली तर छापणं दिवसभर तरी लांबेल म्हणून मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. चूक नव्हती. "चूकदुरुस्ती. हिवरखेडचे पुंडलिकराव अपघातात वारल्याची बातमी या दैनिकात पूर्वी आली होती. ती तार मी चुकीची जोडली होती. कावळ्याचा काही संबंध नव्हता. कै. मनकर्णाबाईंनी मला मारापासून वाचवलं आणि मी गप्प राहिलो." खाली त्यांचं पूर्ण नाव होतं. ते नाव मी तेव्हा पहिल्यांदा वाचलं.

अंक बाहेर पडला त्या सकाळी ते माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, "चाला अमरावतीकर, चा पिऊ." कोपऱ्यावरच्या टपरीत बसलो. त्यांनी बशीत ओतला, डोळे मिटले, अर्धा प्यायले. मग बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "अजून बी नाई जात."