सांगलीच्या डबीतल्या निगेटिव्ह

आमच्या फ्रीजवर चौकटींचा एक कागद चिकटवलेला आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी दिलेला. मध्ये काळा ठिपका आणि भोवती गणिताच्या वहीसारख्या आडव्या-उभ्या रेषा. रोज सकाळी चहाच्या आधी बाबा एक डोळा झाकून ठिपक्याकडे बघतात आणि रेषा कुठे वाकल्या, कुठे पुसल्या ते बोट ठेवून दाखवतात. मी पेन्सिलीनं खूण करून तारीख घालते. उन्हाळ्याच्या सुरुवातीला वाकलेल्या रेषा ठिपक्यापासून बऱ्याच लांब होत्या. सुट्टी संपून शाळा सुरू होईपर्यंत त्या ठिपक्याला टेकल्या.

डॉक्टरांनी सांगितलं होतं की इंजेक्शनांनी वेग कमी होईल, पण गेलेलं परत येणार नाही. कडेचं दिसत राहील, मधलं जाईल.  त्या दिवशी घरी आल्यावर बाबा चपला काढता काढता म्हणाले, "मधलं जायच्या आधी मला तिचा गच्चीवरचा फोटो बघायचाय."

ती म्हणजे आई. तिला जाऊन बरीच वर्षं झाली. तो फोटो मला आठवत होता, पण अंधुक. बँकेच्या क्वार्टर्सची गच्ची, आई नहाण झाल्यावर केस वाळवते आहे, बाबा कॅमेरा घेऊन मागे आले आहेत हे तिला ठाऊक नाही. अल्बममध्ये तो पहिल्या पानावर होता. पण आमचं कोलकात्यातलं, दमदमचं घर तळमजल्यावर, आणि एका वर्षी घरात दोन दिवस पाणी साचून राहिलं तेव्हा खालच्या खणातल्या अल्बमच्या विटा झाल्या. पानं सोडवायला गेलं की चेहरेच निघून यायचे. निगेटिव्ह माळ्यावरच्या ट्रंकेत होत्या, म्हणून वाचल्या.

मी यादी केली. सॉल्ट लेकच्या एका शाळेत मी वेळापत्रक लावते. कुठले सर कुठल्या तासाला कुठल्या वर्गात, हे बसवता बसवता माझं डोकंच रकान्यांचं झालं आहे. पहिला पर्याय, निगेटिव्ह दुकानात देऊन स्कॅन करून घेणे. बाबांनी तो तिथेच खोडला.

"निगेटिव्ह घराबाहेर जाणार नाहीत."

"दुकानदार खाणार आहे का त्या?"

"एकदा गेल्या होत्या. सगळ्या परत आल्या नाहीत."

कुठे गेल्या होत्या, हे मी विचारलं नाही. 'बाबा: नाही' असं लिहिलं आणि पुढच्या ओळीवर गेले. घाईत होते.

दुसरा पर्याय, फक्त फिल्मसाठीच असलेलं मशीन. उत्तम, पण आपल्या आवाक्याबाहेर. तिसरा, मोठ्या सपाट काचेचा स्कॅनर, ज्याच्या झाकणातही दिवा असतो. जड, टेबल अडवणारा, एकेका फोटोला चार-चार मिनिटं घेणारा. चौथा, उजेडाच्या पाटीवर निगेटिव्ह ठेवून वरून मोबाइलनं फोटो काढणे. माझा हात स्थिर राहत नाही, म्हणून बाद. पाचवा, पोळ्यांच्या डब्याएवढं एक छोटं खोकं. एका बाजूनं पट्टी सरकवायची, बटण दाबायचं, आतला कॅमेरा फोटो काढतो, पट्टी दुसऱ्या बाजूनं बाहेर. संगणकही लागत नाही. किंमत सगळ्यांत कमी. यादीला अकरा रकाने होते, आणि वेगाच्या रकान्यापुढे मी लाल खूण केली होती. खोकं मागवलं. दहा दिवसांत परत करता येत होतं, हेही बघून ठेवलं होतं.

ते येईपर्यंत ट्रंक आवरली. पट्ट्या पुसल्या, बुरशी आलेल्या वेगळ्या काढल्या, पाकिटांवर आकडे घातले. तळाशी फिल्मच्या सात जुन्या ॲल्युमिनियमच्या डब्या निघाल्या. एक उघडली तर आत सुरळी झालेले सुटे तुकडे. मी यादीत लिहिलं, 'कातरण, ७ डब्या, टाकून द्यायच्या', आणि त्या रद्दीच्या पिशवीत घालून पिशवी बाल्कनीत ठेवली.

रविवारी सकाळी बसले आणि दुपारच्या जेवणापर्यंत ऐंशी पट्ट्या झाल्या. मी खुशीत होते. खोकं टीव्हीला जोडलं, बाबांची खुर्ची पडद्यापासून दोन हातांवर ओढली.

पहिला फोटो पाण्याच्या टाकीचा. दुसऱ्यात गवतावर कुणाचे तरी पाय. मग प्राणिसंग्रहालयाचं कुंपण, ज्यात प्राणी नाही. पाठमोरी मी. डोळे मिटलेली एक मावशी. पुन्हा पाण्याची टाकी.

बाबा मान तिरकी करून बघत होते. विसाव्या फोटोनंतर म्हणाले, "हे उरलेले आहेत."

"म्हणजे?"

"चांगले कापून काढलेले असायचे ना. तुला माहीत नव्हतं? लिफाफे तर तूच चिकटवायचीस."

लिफाफे मला आठवत होते. डिंकाची चव आठवत होती. आत काय असायचं ते आठवत नव्हतं, किंवा मी कधी बघितलंच नव्हतं.

तेव्हा इथल्या बदलीवर आलेल्या मराठी घरांतून हे सर्रास चालायचं, असं बाबांनी सांगितलं. रोल धुऊन आला की त्यातला सगळ्यांत चांगला फोटो कात्रीनं पट्टीतून कापायचा, बटर पेपरमध्ये गुंडाळायचा आणि 'आत निगेटिव्ह आहे, वाकवू नये' असं लिहून गावी पाठवायचा. प्रिंट काढून पाठवण्यापेक्षा ते सोपं. सांगलीची माणसं आपल्याला हवी तेवढी मोठी प्रत काढून घ्यायची, मग तोच तुकडा नागपूरला, तिथून इंदूरला. फिरत फिरत वर्षा-दोन वर्षांनी तो परत कोलकात्याला यायचा. आला तर. मग बाबा तो त्या त्या गावाच्या डबीत टाकायचे.

"कुठल्या डबीत?" मी विचारलं, आणि विचारता विचारताच उठून बाल्कनीकडे निघाले.

पिशवी जागेवर होती. रद्दीवाला त्या रविवारी आला नव्हता. मी डब्या काढून टेबलावर ओळीनं मांडल्या आणि त्या कुठे होत्या हे बाबांना सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. फक्त एकेक डबी हातात घेऊन झाकणावर कोरलेलं गावाचं नाव अंगठ्यानं चाचपलं.

सुटा तुकडा त्या खोक्यात जाईना. खोक्याला लांब पट्टी हवी. एकटा तुकडा आत जाऊन तिरका व्हायचा. तिसरा तुकडा अडकला. तो मी चिमट्यानं ओढला, आणि नदीकाठच्या एका सहलीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत ओरखडा उमटला. बाबांनी त्यावरून नख फिरवलं.

"गेला का?"

"थोडा."

"कोण कोण होतं त्यात?"

 नवव्या दिवशी खोकं परत पाठवलं.

मग एस्प्लनेडच्या मागच्या गल्लीत गेले. तिथे जुने कॅमेरे विकणारी दुकानं आहेत, काचेच्या कपाटांत एकाला एक टेकून लेन्स बसलेल्या असतात. एका म्हाताऱ्या दुकानदारापुढे मी नवी यादी ठेवली. रकाने आता चौदा होते. त्यांनी चष्मा वर करून ती शेवटपर्यंत वाचली.

"दीदी, सगळं आहे. निगेटिव्ह कशा आहेत ते कुठे आहे? पट्टी, की कापलेल्या?"

"कापलेल्या. सुट्या."

"एखादी दाखवा."

"आणली नाही. बाबा घराबाहेर काढू देत नाहीत."

"वा. चष्मा करायला निघालात आणि डोळे घरी ठेवून आलात." हे त्यांनी बंगालीत म्हटलं, शेजारच्या दुकानदाराला ऐकू जाईल अशा बेतानं. तो हसला. मलाही हसावं लागलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी एका पट्टीतली पाण्याची टाकी कापून पाकिटात घालून नेली. बाबांना सांगून नेली. "टाकी ने, टाकी परत नाही आली तरी चालेल," ते म्हणाले. दुकानदारांनी मागून एक सपाट काचेचा स्कॅनर काढला. बंद पडलेल्या एका स्टुडिओतून आलेला, कडा पिवळ्या पडलेल्या, झाकणात दिवा. म्हणजे मी वेगाच्या कारणानं खोडलेला तिसरा पर्याय. त्यांनी काळ्या पुठ्ठ्यात तुकड्याच्या मापाची खिडकी कापली, तुकडा तिच्यात बसवला, झाकण लावलं. टाकी आली. टाकीवरचा गंजसुद्धा आला. नव्या मशीनच्या पाव किमतीत तो माझा झाला. मेट्रोच्या दारात सामान तपासताना शिपायानं विचारलं, आत काय आहे. मी सांगितलं, फोटो बघायचं मशीन. त्यानं ते त्याच्या मशीनमधून जाऊ दिलं.

आता काम सुरळीत चालायला हवं होतं. डब्यांना मी क्रमांक दिले: अकोला एक, इंदूर दोन, अशा सात. सांगली सातवी.

"सांगलीची आधी घे," बाबा म्हणाले. "तुझ्या आजीला पाठवला होता तो."

"क्रमानं घेऊ. नाहीतर मला कळणार नाही कुठले झाले आणि कुठले राहिले."

"मला एकच बघायचाय."

"सगळेच बघायचेत, बाबा. होतील दोन आठवड्यांत."

त्यांनी सांगलीची डबी ओळीच्या शेवटी सरकवली. मला तो होकार वाटला.

एक तुकडा म्हणजे धूळ उडवायची, चकाकी नसलेली बाजू खाली ठेवायची, झाकण लावायचं, मग चार मिनिटं दिव्याची पट्टी काचेखालून मुंगीसारखी सरकत राहायची. चार मिनिटांत मी कुकर लावू शकते, तांदूळ निवडू शकते, अर्ध्या वर्गाचे पेपर लावू शकते. पहिल्या दिवशी तसंच केलं. सगळे फोटो लाटा आल्यासारखे डोलत निघाले. पुन्हा केले, पुन्हा तेच. मी मशीनला दोष देत होते, दुकानदाराला मनात बोलत होते.

"तू उठतेस तेव्हा टेबल हलतं," बाबा म्हणाले. ते शेजारीच बसले होते, हात टेबलावर ठेवून. "बस जरा."

बसले. पाय हलवला तर म्हणाले, "पाय."

असे आम्ही रोज संध्याकाळी बसू लागलो. मी घड्याळ बघायचे, दिव्याची पट्टी बघायचे, पुन्हा घड्याळ. अकोला झालं, इंदूर निम्मं झालं. फोटो पडद्यावर आला की मी विचारायचे, कोण, कुठे, केव्हा, आणि भराभर रकान्यांत भरायचे. बाबांची उत्तरं आखूड होत चालली होती. मला वाटलं कंटाळले.

गुरुवारी सकाळी फ्रीजपुढे त्यांनी उजवा डोळा झाकला, मग डावा. मी पेन्सिल घेऊन थांबले होते.

"ठिपका कुठाय?" त्यांनी विचारलं.

"मध्ये. जिथे असतो तिथेच."

"डाव्यानं दिसत नाहीये."

मी तारीख घातली. मग शाळेत फोन करून सांगितलं की आज येणार नाही. इतक्या वर्षांत ऐनवेळी घेतलेली ती माझी दुसरी किंवा तिसरी रजा असेल. सांगलीची डबी उघडली. नऊ तुकडे निघाले, काही एकमेकांना चिकटलेले. ते कोमट पाण्यात सोडवून स्वच्छ रुमालावर वाळत घातले. पंखा लावता येत नव्हता, धूळ बसली असती. दोघं घामाघूम होऊन बसून राहिलो.

गच्चीचा तुकडा पाचवा होता. कडेला कुणाच्या तरी अंगठ्याचा ठसा उमटला होता, स्पष्ट, सगळ्या रेषांसकट.

"सांगलीचा असणार," मी सांगितल्यावर बाबा म्हणाले. "तुझी आजी कुठलीही गोष्ट अंगठ्यानं दाबून धरायची. जावयानं काढलेला फोटोसुद्धा."

झाकण लावलं. पाय हलवला नाही. चार मिनिटांनी चित्र पडद्यावर आलं आणि माझ्या लक्षात आलं की घाईत मी संगणकावर एक खूण करायची विसरले होते. मशीननं ते सुलटं न करता आहे तसंच घेतलं होतं. काळंकुट्ट आकाश, काळवंडलेला चेहरा, आणि पाठीवर मोकळे सोडलेले पांढरेशुभ्र केस.

बाबा सरळ बघत नव्हते. आता त्यांना काही बघायचं तर नजर जरा बाजूला न्यावी लागते. ते खिडकीच्या गजांकडे तोंड करून तिला बघत होते.

"थांबा, उलटं आलंय," मी म्हटलं आणि माउसकडे हात नेला. "आईचे केस पांढरे दिसताहेत. सुलटं करते."

"राहू दे जरा."

मी हात मागे घेतला. 

"झाली असती एव्हाना अशी," ते म्हणाले. मग, "केस मात्र गळले असते. तिच्या बहिणींचे बघ."

नंतर मी सुलटं केलं. काळे केस, मागे दोरीवर वाळत घातलेली चादर, कडेला अंगठा. तेही त्यांनी पाहिलं, खिडकीकडे बघत. 'केव्हा' या रकान्यात काय लिहू विचारलं, तर म्हणाले, लग्नानंतरचा पहिला हिवाळा, आणि त्या दिवशी तिनं त्यांना कॅमेरा लपवून आणल्याबद्दल दुपारपर्यंत चहा दिला नव्हता. एवढं त्या रकान्यात मावलं नाही. रकाना रुंद केला.

यादीत इंदूरच्या सहाव्यानंतर आता एकदम सांगलीचा पाचवा आहे, आणि तो दोनदा आहे, 'अ' आणि 'ब'. एकाच फोटोच्या दोन प्रती ठेवायच्या नाहीत हा माझाच नियम होता. मंगळवारी इंजेक्शन आहे. चार डब्या अख्ख्या आणि दोन अर्ध्यामुर्ध्या राहिल्यात. आज संध्याकाळी कुठली घ्यायची ते मी बाबांना विचारणार आहे.